इगतपुरीची तोंडी बखर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा संकेत आहे. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण कारखान्याच्या पाळीत, युनियनच्या कचेरीत आणि गावच्या वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आम्ही इतिहासावर बोलणार हे वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही कोणताही नवा शोध लावलेला नाही. संघटनेच्या कामानिमित्त इतकी वर्षे घरोघर हिंडताना म्हाताऱ्या कामगारांनी, त्यांच्या बायकांनी आणि विधवांनी जे सांगितले ते आम्ही वह्यांत टिपून ठेवले. त्या वह्यांचा जमाखर्च आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम जो इतिहास कागदावर आहे तो पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पुढे १८६१ साली ती कसाऱ्यापर्यंत आली. घाटावरची इगतपुरी ते नाशिक ही लाइनही त्याच साली सुरू झाली. मधला थळघाट मात्र बाकी होता. खाली आगगाडी, वर आगगाडी आणि मध्ये डोंगर, अशा स्थितीत चार वर्षे माल आणि माणसे जुन्या सडकेने घाट चढत राहिली. १ जानेवारी १८६५ रोजी घाटाची लाइन खुली झाली. सुमारे साडेनऊ मैलांचे अंतर, ३७ फुटांमागे १ फूट असा चढ, एकंदर ९७२ फूट उंची, १३ बोगदे आणि ६ मोठे पूल. त्यांतला एहेगावचा पूल दरीपासून सुमारे १८० फूट उंच होता. जेम्स बर्कले हा मुख्य इंजिनिअर होता, हेही कागदावर आहे. कंत्राटदारांची नावे आहेत, दगडामातीचे घनफूट आहेत, लोखंडाचे टन आहेत.

आता आम्ही साधा प्रश्न विचारतो. हे बोगदे ज्यांनी फोडले त्यांची नावे कोठे आहेत? सुरुंगाची वात पेटवून दोराला लोंबकळत मागे सरणारा माणूस कोण होता? पाटीभर माती डोक्यावर घेऊन दिवसाला किती खेपा करणारी ती बाई कोणत्या गावची होती? कागद याबाबतीत मुका आहे. मजूर कागदावर येतो तो बहुधा दोनच प्रसंगी, मेल्यावर किंवा भांडल्यावर. १८५९ च्या जानेवारीत बोरघाटाच्या कामावर मजुरीच्या पैशांवरून दंगा झाला, म्हणून त्याची नोंद राहिली. त्यापाठोपाठ १८६० साली रेल्वे, कालवे व तत्सम कामांवरील मजूर आणि मालक यांच्या वेतनाच्या तंट्यांविषयी कायदा झाला. आमच्या धंद्यातील माणसाने त्या कायद्याला पूर्वज मानावयास हरकत नाही. मात्र त्यात मजुराला मजुरी मिळवून देण्याची सोय होती, तशीच काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याचीही होती, हे विसरून चालणार नाही.

कागद जेथे मुका राहतो तेथे लोक बोलतात. बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. डोंगरातून लाइन न्यावयाची वाट साहेबाला सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखविली, आणि काम झाल्यावर त्यालाच गोळी घालण्यात आली, अशी कथा तेथे सांगतात. या कथेला लेखी आधार नाही. पंडित म्हणतील की ही दंतकथा आहे. असेल. परंतु ज्यांच्या कष्टावर घाट उभा राहिला त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव राहावे, या हट्टातून लोकांनी ते देऊळ राखले आहे. कागदाने जी जागा कोरी सोडली ती लोकांनी शेंदराने भरली, असे आम्ही समजतो. घटना खरी असो वा नसो, तो हट्ट खरा आहे, आणि हट्टाचाही इतिहास असतो.

आता इगतपुरीकडे वळू. आपले गाव एका चढाच्या जिवावर वाढले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. चढ म्हणून गाडीला मागून जोर देणारे बँकर इंजिन लागे. इंजिने आली म्हणून लोको शेड आली. शेड आली म्हणून ड्रायव्हर, फायरमन, फिटर, खलाशी, पॉइंट्समन आले, आणि त्यांच्या मागे किराणा दुकान, खानावळ, शिंपी, न्हावी, शाळा, मशीद, देऊळ आणि चर्च आले. १९३० साली घाटात विजेची लाइन झाली. मुंबईकडून विजेचे इंजिन इगतपुरीपर्यंत येई आणि पुढे भुसावळकडे वाफेचे इंजिन लागे. घाटातील त्या लांब नाकाच्या विजेच्या इंजिनाला कामगारांनी ‘खेकडा’ असे नाव ठेवले होते. परदेशी लोक त्याच इंजिनाला सुसर म्हणत. आपल्या माणसाने ओढ्यातला प्राणी पाहिला होता, त्याने त्याचे नाव दिले. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस भुसावळकडेही वीज आली, परंतु ती वेगळ्या जातीची होती. म्हणून इंजिन बदलणे काही सुटले नाही.

या काळातील एका माणसाची हकिगत आमच्या पहिल्या वहीत आहे. तो तरुणपणी कॉलबॉय होता. कॉलबॉयचे काम म्हणजे ज्या ड्रायव्हरची आणि फायरमनची पाळी असेल त्यांना घरी जाऊन उठविणे आणि कॉलबुकावर त्यांची सही घेणे. घड्याळ सर्वांकडे नव्हते, टेलिफोन तर नव्हताच. इगतपुरीचा पाऊस आपण जाणताच. डोक्यावर घोंगडीची खोळ, एका हातात कंदील आणि वही भिजू नये म्हणून ती पोटाशी धरलेली, असा तो रात्री दोन वाजता चाळींच्या गल्ल्यांतून फिरे. तो आम्हांला म्हणाला, “दादा, मला गावातल्या सगळ्या माणसांची झोप ठाऊक होती. कोण एका हाकेला उठतो, कोण दार वाजवल्याशिवाय उठत नाही, आणि कुणाची बायको आधीच जागी असते.” बायको आधी का जागी असे, असे आम्ही विचारले. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “भाकरी कोण करणार? कॉल नवऱ्याला असायचा, पाळी तिची सुरू व्हायची.”

कामाच्या तासांवर आम्ही पुष्कळ वाचले आहे. रेल्वे कामगारांच्या तासांसंबंधी न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांचा १९४७ चा निवाडा प्रसिद्धच आहे. कोणाचे काम सततचे आणि कोणाचे खंडित, याची त्यात वर्गवारी आहे. परंतु ड्रायव्हरच्या पाळीबरोबर त्याच्या घरातल्या बाईची पाळी सुरू होते, ही गोष्ट आम्हांला कोणत्याही निवाड्यात आढळली नाही. ती एका कॉलबॉयने सांगितली.

आता संपांकडे येऊ. आमच्या धंद्याचा माणूस संपाविषयी न बोलता खाली बसला तर आपणच त्याला हटकाल. जी.आय.पी. रेल्वेवर १८९९ साली तारवाल्या सिग्नलरांचा संप झाला आणि लोकमान्य टिळकांच्या पत्रांनी त्यांची बाजू घेतली. ४ फेब्रुवारी १९३० रोजी त्याच रेल्वेवर दुसरा मोठा संप सुरू झाला. २ मार्चला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि पुढे काही दिवसांतच गांधीजी मिठासाठी दांडीच्या वाटेला लागले. एकाच वर्षात आपल्या जिल्ह्याच्या आसपास किती दारे ठोठावली गेली, हे पाहण्यासारखे आहे.

तिसरा संप १९७४ चा. ८ मे रोजी तो सुरू झाला आणि मे महिन्याच्या अखेरीस, तीन आठवडे पुरे होण्याच्या आत, मागे घेण्यात आला. देशभरातील सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांचा हा प्रश्न होता. बोनस, आठ तासांचा दिवस आणि महागाईच्या मानाने पगार या मुख्य मागण्या होत्या. जॉर्ज फर्नांडिस यांना संपापूर्वीच, २ मे रोजी अटक झाली. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारोंना कामावरून काढण्यात आले. १९७७ साली सरकार बदलले आणि मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर त्या कामगारांना परत घेण्यात आले. १९७९ साली रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी जोडलेला बोनस मान्य झाला. हा झाला कागदावरचा संप.

त्या वेळी आम्ही चार वर्षांचे होतो. म्हणून संपाची माहिती घ्यावयाची तर ती दुसऱ्यांकडूनच घेणे भाग होते. एका शेडमधल्या खलाशाच्या वृद्ध पत्नीकडे आम्ही गेलो. त्यांचे माहेर सिन्नर तालुक्यातले. आम्ही विचारले, “आजी, संपाचं काही आठवतं का?” त्या म्हणाल्या, “न आठवायला काय झालं? दुष्काळ पडला त्याच साली संप झाला.” आम्हांला आपल्या वाचनाचा अभिमान. आम्ही लगेच म्हणालो, “नाही आजी, दुष्काळ १९७२ चा. संप १९७४ चा. दोन वर्षांचं अंतर आहे.” आजी गप्प झाल्या. पुढे अर्धा तास बसलो, परंतु त्यांनी हो आणि नाही यापलीकडे शब्द काढला नाही.

आमची चूक आम्हांला महिनाभराने उमजली. पुन्हा गेलो, क्षमा मागितली, आणि या वेळी सालाविषयी काही बोललो नाही. त्यांनी सांगितले ते असे. दुष्काळात सिन्नरकडची माहेरची माणसे त्यांच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडी येऊन राहिली. भाऊ खडी फोडण्याच्या कामावर गेला, त्याची मुले यांच्याकडेच राहिली. रेशनवर लाल मिलो मिळे, त्याची भाकरी थापताना तुटे. पगार एकाचा आणि खाणारी तोंडे अकरा, म्हणून वाण्याकडे उधारी सुरू झाली. पाहुणे परत गेले, पण उधारी राहिली. धान्य महागच होत गेले. ती उधारी फिटते न फिटते तोच संप आला आणि पगार थांबला. वाण्याने तेच खाते पुढे चालविले. आजी म्हणाल्या, “बाळा, तुझी सालं दोन असतील. माझी उधारी एकच होती.”

श्रोतेहो, महाराष्ट्राच्या त्या दुष्काळाविषयी आकडे आहेत. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. वि. स. पागे यांचे नाव त्यासाठी घेतलेच पाहिजे. रेल्वेच्या संपाविषयीही ग्रंथ आहेत. परंतु शेती आणि रेल्वे ही पुस्तकांच्या कपाटात दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवली जातात. सिन्नरचे करपलेले शेत आणि इगतपुरीचा थांबलेला पगार ही एकाच वाण्याच्या वहीत एका खाली एक मांडलेली होती, हे त्या आजीने दाखविले. त्यांची आठवण चुकीची नव्हती. ती वेगळ्या पंचांगाने चालत होती.

पुढे वाचनात आले की असा अनुभव दूरदेशीच्या अभ्यासकांनाही आला आहे. इटलीत तेर्नी नावाचे पोलादाच्या कारखान्याचे गाव आहे. तेथे १९४९ साली लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. तो मोर्चा इटलीने नाटो करारात सामील होऊ नये यासाठी होता. परंतु अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने जुन्या कामगारांना विचारले, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी हा मृत्यू १९५३ साली, कारखान्यातून मोठ्या संख्येने कामगार काढण्यात आले त्या वेळच्या झगड्यात घडला, असे सांगितले. पोर्तेल्लीने त्यांना खोटे ठरविले नाही. आपला माणूस एका मोर्चात सहज मरावा हे गावाला सोसवेना, म्हणून लोकांनी तो मृत्यू आपल्या सर्वांत मोठ्या दुःखाच्या शेजारी नेऊन ठेवला, असे त्याने ताडले. तेर्नी कोठे आणि इगतपुरी कोठे! तरी ती आजी आणि ते पोलाद कामगार यांचे एकमेकांशी सहज जमले असते.

याचा अर्थ तोंडी सांगितलेले सर्व खरे मानावे असा नाही. माणूस स्वतःला थोर करून सांगतो. संपात न गेलेला पुढे संपात होतो म्हणून सांगतो, आणि तशी माणसे आम्हांला पुष्कळ भेटली आहेत. म्हणून साल, पगार, पाळी, ठिकाण यांचा मेळ कागदाशी घालून पाहावाच लागतो. मात्र मेळ बसला नाही म्हणजे सांगणारा खोटा, असे ठरविण्याची घाई करू नये. मेळ का बसत नाही, याच प्रश्नात पुष्कळदा खरी बातमी दडलेली असते. मुंबईच्या गिरणगावाविषयी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांच्या मुलाखतींतून तयार केलेला ग्रंथ २००४ साली निघाला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपाविषयी इतके बोलले गेल्यानंतरही कामगारांच्या तोंडून तो नवा वाटतो, याचे कारण हेच आहे.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. इंजिन बदलण्याच्या वेळात इगतपुरीच्या फलाटावर एक लहानसा बाजार भरे. उन्हाळ्याच्या शेवटी आसपासच्या पाड्यांवरच्या ठाकूर आणि महादेव कोळी बाया पळसाच्या द्रोणात करवंदे आणि जांभळे घेऊन येत. अशा एका बाईंनी आम्हांला हिशेब सांगितला. गाडी थांबली की दोन डबे होत, गाडी रेंगाळली की चार डबे होत. २००६ साली घाटातील विजेची जात बदलली आणि इंजिन बदलण्याची गरज संपली. २०१९ पासून राजधानीसारखी गाडी दोन्ही टोकांना इंजिन लावून घाट चढू लागली, म्हणजे तिला बँकरही नको झाला. प्रवाशांचा वेळ वाचला ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु प्रवाशाची जी दहा मिनिटे वाचली तीच त्या बाईंच्या दोन डब्यांची दहा मिनिटे होती. त्या म्हणाल्या, “गाडी हुशार झाली, दादा. आम्ही होतो तिथंच राहिलो.” त्यांच्या सुना आता द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे ‘जगायला’ जातात. त्या पाड्यांवर मजुरीसाठी घर सोडण्याला हाच शब्द आहे. जगावयाचे तर घर सोडावे लागते, एवढा अर्थ त्या एका क्रियापदात भरलेला आहे.

रेल्वेचे काम आटत असताना महामार्गाच्या कडेला कारखाने उभे राहिले. आमचे आयुष्य त्यांतच गेले. एका कारखान्याची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. तेथे कंत्राटदारामार्फत कामाला असलेल्या काही मुलांना एका सकाळी फाटकातून आत घेतले नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस काम केल्याचे दाखविता आले, तर कामगाराला काही संरक्षण मिळत असे. ते दिवस सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावरच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले होते. आमच्या मुलांजवळ नेमणुकीचे पत्र नव्हते, पगाराची चिठ्ठी नव्हती, हजेरीपट कंत्राटदाराच्या ताब्यात होता आणि तो ‘सापडत नव्हता’.

तेव्हा मदतीला आली एका खानावळवाल्या बाईंची वही. बाईंना लिहिता येत नव्हते म्हटले तरी चालेल. त्या दर डब्यामागे एक रेघ मारीत आणि पाचवी रेघ आडवी. नावे त्यांच्या मुलाने घातलेली, तीही ‘लांब्या’, ‘पेठचा’, ‘चष्मेवाला’ अशी. परंतु कारखान्याच्या फाटकावर कोणाचा डबा किती दिवस गेला, हे त्या रेघा सांगत होत्या. ही वही पुरावा होय की नव्हे, यावर वकिलांनी पुष्कळ खल केला. अखेर तडजोड झाली. काही मुले कामावर परत लागली, काहींना थोडी रक्कम मिळाली.

एक मुलगा मात्र राहिला. तो हरसूलकडचा होता. खानावळीचे पैसे वाचवून घरी पाठविण्यासाठी तो स्वतः भाकरी भाजून खात असे. म्हणून त्याची रेघ कोणाच्याच वहीत नव्हती. त्याने तेथे काम केले हे आम्हांला ठाऊक होते, आम्ही रोज त्याला पाहत होतो. परंतु आम्ही त्याच्या बाजूचे, म्हणून आमच्या शब्दाला वजन नव्हते, आणि आमच्याजवळ लेखी काही नव्हते. घोषणा देण्यात आम्ही पटाईत, परंतु साधी यादी ठेवली नव्हती. ही चूक आमची. सर्वांत अधिक काटकसर केली त्याचेच नुकसान झाले, ही गोष्ट आम्हांला अजून झोप लागू देत नाही. आमच्या वह्या त्या दिवसापासून सुरू झाल्या. हा आमचा इतिहासाचा व्यासंग विद्वत्तेतून नव्हे, या अपराधातून आला आहे.

नव्या श्रमसंहितांत नेमणुकीचे पत्र देणे सक्तीचे केले आहे, ही स्वागताची गोष्ट आहे. पत्र खरोखर हातात पडते की नाही, हे पाहणे आमचे काम आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. कसाऱ्याच्या डोंगरातून पावणेआठ किलोमीटरचा जोडबोगदा गेला. जो घाट चढण्यात पिढ्या गेल्या तो आता मोटार काही मिनिटांत पार करते. आम्हीही त्या बोगद्यातून गेलो आणि कौतुकाने पाहिले. बोगद्याची लांबी आणि रुंदी वर्तमानपत्रांत आली. तो खणणारे मजूर परप्रांतांतून आले, पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि काम संपताच पुढच्या कामावर गेले. १८६५ आणि २०२५, मध्ये एकशे साठ वर्षे लोटली. यंत्रे बदलली, पण कोऱ्या जागा अजून तशाच आहेत.

म्हणून आपल्याजवळ एकच मागणे आहे. आज घरी गेल्यावर आपल्या घरातील, नाहीतर शेजारच्या, एका वृद्ध माणसापाशी बसा. ‘तुमचे आयुष्य कसे गेले?’ असे विचारू नका, त्याला ‘बरे गेले’ याखेरीज उत्तर मिळत नाही. पहिला पगार किती होता आणि तो कोणाच्या हाती दिला, ते विचारा. घरात किती भाकऱ्या लागत ते विचारा. उधारी कोणाकडे होती आणि ती कधी फिटली ते विचारा. उत्तर आले की मध्ये बोलू नका, आणि साल चुकले तर आमच्यासारखी दुरुस्ती करू नका. ऐकलेले लिहा, वर तारीख घाला, आणि ते परत वाचून दाखवा.

त्या आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या उधारीचा हिशेब आमच्या वहीत आहे. हरसूलच्या मुलाचे नावही आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. त्याला त्याचा काही उपयोग नाही, हे आम्हांला कळते. पुढच्या मुलाला व्हावा.